डोक्यामागचा चेहरा

फोन आला तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात होतो. मी तिथे लिपिक आहे. पलीकडून वनपाल बोलत होते. "भाऊ, रंजनाबाईले वाघानं... तुम्ही या." मी पोचलो तेव्हा मोहाच्या झाडाखाली तिची टोपी पडली होती आणि वाळलेल्या पानांवरून रक्ताचा पट्टा थेट नाल्याकडे गेला होता. वाघाने मागून मान धरली होती.

माझी बायको रंजना चिमूरजवळच्या आमच्या गावात वनरक्षक होती. पहिला पंचनामा करून ती घरी आली, त्या दिवशी तिने पहिलं चित्र काढलं. जंगलात वाघाने मारलेल्या एका बाईचं अर्धंच शरीर सापडलं होतं. रंजनाने आंघोळ केली, स्वयंपाक केला, पोरीचा अभ्यास घेतला आणि पोरीच्याच रंगांनी कॅलेंडरच्या पाठीवर ते शरीर काढलं. हे घरात कशाला, म्हणून मी ओरडलो. ती म्हणाली, "डोक्यात ठेवलं तं झोप येत नाई. हातातून काढून टाकतो." मग ते रोजचंच झालं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, अंगावरचा गणवेश न बदलता ती बसायची. फाडलेली गुरं, नखं, लाल झालेली पानं. नागपूरच्या एका प्रदर्शनात तिची चित्रं लागली, तेव्हा मी गेलो नाही. भाजी करपली की मी चित्र फाडायचो. एकदा हात उचलला... एकदा नाही, कितीदा तरी. ती दुसरा कागद घ्यायची.

यंदा मोहाची फुलं पडायच्या आधी तिने ती वेचणाऱ्या गावातल्या बायांसाठी मुखवटे केले. वाघ पाठीमागून येतो, म्हणून फुलं वेचताना हा चेहरा डोक्यामागे बांधायचा. कागदाचा लगदा, मेथीचं पीठ, वर रंग. ताणलेल्या भुवया, आवळलेले दात. मी नीट पाहिलेसुद्धा नव्हते. चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, "काऊन भाऊ, रोज सकाळी जंगलात जाऊन राह्यले म्हणे? सगळ्या बायांच्या डोक्यामागं तुम्हीच हाये." सगळे हसले.

मी घरी आलो. अंगणात दोन-तीन मुखवटे वाळत होते. मी विचारलं, माझंच तोंड का? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वाघाले भेव वाटाले पाह्यजे नं. तुमच्याहून चांगला चेहरा कुठून आणू?"

मी ते मुखवटे पायाखाली तुडवले. रंगाची वाटी भिंतीवर फेकली. तिच्या पाठीत लाथ घातली. पोर दारात उभी होती. त्यातला एक मुखवटा रंजनाचा स्वतःचा होता, हे मला पोरीनेच नंतर सांगितलं. सकाळी बायांना सोबत म्हणून रंजना जंगलात गेली, ती तशीच.

वनखात्याचे साहेब म्हणाले, मुखवट्याने वाघ थांबतोच असं नाही. शोकसभेला विहारात आलेले लोकही तेच म्हणाले. मी मान हलवली.

आता तेंदूपत्ता तोडायचे दिवस आहेत. सकाळी बाया आमच्या दारावरून जातात. समोरून येताना त्या हळू बोलतात, पोरीची चौकशी करतात, माझ्याकडे बघत नाहीत. दारावरून पुढे गेल्या की त्यांच्या पाठी दिसतात. मग मी माझ्याकडे बघतो... ताणलेल्या भुवया, आवळलेले दात, तिने मन लावून रंगवलेले उघडे डोळे. वळणापर्यंत ते सगळे चेहरे माझ्यावरून नजर काढत नाहीत.