दहापर्यंत मोजणारे साडू

संपूर्ण बुलडाणा जिल्ह्यात माझ्या साडूंइतका उशिरा बोलणारा शहाणा मनुष्य दुसरा सापडल्यास मी माझे टेबल त्याच्या नावे करून देईन. साडू हे विशेष शिक्षक. ज्या मुलांना ऐकण्यात, बोलण्यात, शिकण्यात अडचण येते, त्यांच्यासाठी ते शाळोशाळी फिरतात. मी मोताळ्यास तहसील कचेरीसमोर अर्जनवीस. आठवीपुढील शिक्षण मी त्याच टेबलावर पूर्ण केले असल्याने विद्वानांशी माझे उत्तम जमते.

मुलाशी बोलताना त्याच्या उंचीला यावे, हा त्यांचा पहिला सिद्धान्त. सिद्धान्त निर्दोष आहे; परंतु तो त्यांनी मुलांपुरता ठेवला नाही. एका लग्नात पाटावर बसलेल्या नवरदेवास शुभेच्छा देण्यासाठी ते गुडघ्यांवर रांगत गेले, आणि सहाफुटी फौजदाराशी बोलण्यासाठी माझ्या स्टुलावर चढले. "उतरा मास्तर," फौजदार म्हणाला, "तुम्हाले अटक नाही करून राह्यलो."

दुसरा सिद्धान्त त्याहून कठीण. प्रश्न विचारल्यावर दहापर्यंत मोजावे. उत्तर ज्याच्या त्याच्या डोक्यातून आपापल्या चालीने निघते. हा नियम ते स्वतःच्या उत्तरांनाही लावतात. मलकापूर गाडीच्या कंडक्टरने विचारले, "कुठं जाऊन राह्यले, काका?" साडू सातावर पोहोचेतो गाडी सुटली. माझ्या मेहुणीने एकदा विचारले, "हे साडी मले शोभते का?" त्या दहा आकड्यांपायी ती आठ दिवस माहेरी राहिली.

गेल्या जूनमध्ये एक भाजीवाला शेतकरी नववीतल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आला. तिचे नाव शाळेतून काढण्याचा अर्ज हवा होता. "सर विचारतात, हे पोरगी बोलतच नाही. काऊन शिकवू?" मी 'विनंतीपूर्वक' इथवर पोहोचलो होतो. शेजारी बसलेले साडू उठले, मुलीसमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "माय, तुले शाळेत जायचं हाय का?"

ते बोटे मोजू लागले. चौथ्या बोटाला बाप म्हणाला, "पाह्यलं? काहीच नाही बोलत." साडूंनी पुन्हा एकपासून सुरुवात केली. मी घसा खाकरला, तिसऱ्यांदा एकपासून.

"जा... जायचं हाय," मुलगी म्हणाली. "पहिल्या बाकावर नाही. मी अडखळते तं समदे मागून हासतात. शेवटच्या बाकावर बशीन. तिथून बोलीन."

"घरी काऊन नाही सांगतलं वं?"

"तुम्ही थांबतच नाही, बाबा."

मी लिहिलेला कागद फाडला. बाक बदलून मिळणे व तोंडी उत्तरास जादा वेळ मिळणेबाबत नवा अर्ज घेतला. 'कृपाळू' आणि 'मायबाप' हे माझे नामांकित शब्द साडूंनी खोडायला लावले. मुलीचेच शब्द राहू द्या म्हणाले. माझ्या लेखणीचा एवढा अवमान आजवर कोणत्याही साहेबाने केला नव्हता.

अर्ज बापापुढे ठेवला. त्याने पेन उचलले, जरा थांबला, आणि ते पोरीच्या हाती दिले. "तूच कर सही. बोलली तू."

तेथे पालकाची सही लागते, हे तालुक्यात माझ्याइतके कोणास ठाऊक नाही. इतकी वर्षे मी कित्येकांच्या वतीने लिहिले. पण ज्याच्या आयुष्याविषयी लिहीत होतो, त्याला कधी विचारले नव्हते. ती आपले नाव पूर्ण लिहीपर्यंत कागद वाऱ्याने उडू नये, म्हणून मी त्याचा कोपरा तेवढा धरून ठेवला.