पाणी दाखवणारं सॉफ्टवेअर

चोराने माझ्या आईचं माहेरचं आडनाव विचारलं, तेव्हा मी ते स्पेलिंग तपासून त्याला कळवलं. मग त्याने एटीएमचा पिन विचारला. तोही दिला. कुणी नीट विचारलं की नीट उत्तर द्यावं, असं मी शाळेत पोरांना शिकवत आलोय. ऐनवेळी स्वतःच तो नियम कसा मोडणार?

सगळं सुरू झालं ते पाण्यावरून. अकोल्याच्या कडेला, कपाशीच्या वावरात प्लॉट पाडून वसलेली आमची समाधान कॉलनी. त्या वर्षांत टीव्ही लावला की विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या पॅकेजची चर्चा, पेपर उघडला की पॅकेज. आम्ही कुठल्याच पॅकेजात बसत नव्हतो. शेतकरी म्हणावं तर नावावर वावर नाही, शहरातले म्हणावं तर घरात नळ नाही! टँकर यायचा तो त्याच्या मर्जीने. त्यामुळे अख्खी कॉलनी कायम कान टवकारून असायची. लांबून कुठलीही मोठी गाडी घरघरली की माणसं जेवणावरून उठत. (मी स्वतः एकदा सिलिंडरच्या गाडीमागे बादली घेऊन धावलोय. गाडीवाल्याने थांबवून पत्ता विचारला, तो वेगळाच अपमान.)

शेवटी वर्गणी काढून बोअर मारायचं ठरलं. रोजचं पोट रोज भरणाऱ्यांनीही पैसे दिले. कोपऱ्यावर वेल्डिंगचं दुकान चालवणाऱ्या हमीदभाईंनी तर ईदच्या खरेदीसाठी ठेवलेले पैसे आणून माझ्या हातावर ठेवले. माझ्याच हातावर, कारण खजिनदार मी, आणि वर्गणी जमा होत होती तीही माझ्याच खात्यात. कॉलनीत कॉम्प्युटर फक्त माझ्याकडे होता आणि मी घरबसल्या बँकेचे व्यवहार करतो, याची जाहिरातही मीच केली होती. 'वानखडे सर आहेत म्हणजे पैसा सेफ,' असं लोक म्हणायचे. मी मान खाली घालून ऐकायचो, पण पुरतं ऐकायचो.

आता बोअर मारायची कुठे? इथे माझे सासरे, म्हणजे मामाजी, आले. म्हणजे शब्दशः आले, दर्यापूरच्या बसने, पिशवीत नारळ घेऊन. मामाजी त्या भागातले नावाजलेले पाणाडे. तळहातावर नारळ आडवा ठेवून चालायचं आणि जमिनीखाली पाणी असेल तिथे नारळ उभा राहतो, ही त्यांची विद्या. मी पडलो विज्ञानाचा शिक्षक. नारळ उभा राहायला लागला की माझा रक्तदाब उभा राहतो. मामाजी भर उन्हात सगळी कॉलनी फिरले आणि नारळ नेमका कुठे उभा राहावा? आमच्या फाटकासमोर! म्हणजे त्यांच्या लाडक्या लेकीच्या दारात.

"पाह्य शालू, तुया दारातच पाणी हाये," मामाजी म्हणाले.

शालू, म्हणजे माझी बायको, बापाकडे कौतुकाने आणि माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होती. लोक नारळाला नमस्कार करून गेले. माझा जीव मात्र तिथून जो अस्वस्थ झाला, तो जेवणातही लागेना. विज्ञानाच्या शिक्षकाच्या दारात नारळाच्या शब्दावर बोअर? उद्या वर्गात कुठल्या तोंडाने उभा राहू?

मी तडक कॉम्प्युटरसमोर बसलो आणि इंटरनेटवर शोधशोध शोधलं. आणि सापडलं! जमिनीखालचं पाणी दाखवणारं सॉफ्टवेअर. मोफत. 'उपग्रहाच्या मदतीने' असंही लिहिलं होतं, आणि उपग्रह म्हटलं की मी विचार करायचं थांबवतो. खाली एक सूचना होती, की बसवताना अँटीव्हायरस बंद ठेवावा. आमचा अँटीव्हायरस लाल पाटी दाखवून आरडाओरडा करत होता. मी त्याला बंद केलं. पाहुणा घरात येताना कुत्रं बांधून ठेवावं, इतक्या सहजपणे.

सॉफ्टवेअरने नकाशा काढला, गोल गोल फिरवला आणि आमच्या प्लॉटखालून जाणारी एक निळीशार रेघ दाखवली. मी कॉलनी गोळा केली. हमीदभाईंचा पत्ता टाकला, त्यांच्याही घराखाली रेघ निघाली. मग ज्याने त्याने आपापला पत्ता टाकून घेतला आणि प्रत्येकाच्या घराखालून निळी रेघ गेली. एकही घर कोरडं नाही! लोक इतके खूश झाले की मामाजींना नारळ पिशवीत टाकावा लागला. सगळ्यांच्याच खाली पाणी कसं, हा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही. उलट लोककल्याण म्हणून मी ते पेनड्राइव्हवर घेऊन मूर्तिजापूरच्या मेहुण्याला, अमरावतीच्या साडूला आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना वाटलं.

त्यानंतर काही दिवसांनी मी शिल्लक बघायला बँकेचं पान उघडलं, तर ते नेहमीपेक्षा लांबलचक. पासवर्डखाली नवीन रकाने आलेले. कार्डाचा नंबर, पिन, जन्मतारीख, आईचं माहेरचं नाव, 'आपल्या सुरक्षेसाठी.' वरचा पत्ता बँकेचाच होता. कुलपाचं चित्रही जागेवर होतं. आता पुण्याचा माणूस इथे कदाचित थबकला असता. पण आम्ही त्या काळातले वऱ्हाडातले. पॅकेजच्या, नुकसानभरपाईच्या, कशाकशाच्या अर्जांवर सही घ्यायला गावाकडचे लोक रोज माझ्याकडे यायचे. सातबारा, रेशनकार्ड, फोटो, त्याची झेरॉक्स, झेरॉक्सवर सही, सहीवर शिक्का. जो जास्त विचारतो तो खरा सरकारी, हे आमच्या हाडीमाशी भिनलेलं. त्या पानाने फक्त पासवर्ड विचारला असता, तर कदाचित मला संशय आला असता.

मी एकेक रकाना मन लावून भरला. मग पान म्हणालं, मोबाइलवर आकडा आलाय तो टाका. मोबाइल शालूकडे, स्वयंपाकघरात. मी इकडून ओरडलो, तिने पोळी लाटता लाटता तिकडून आकडे खणखणीत वाचून दाखवले. गल्लीतल्या पोरीबाळींनीही ऐकले असतील, पण त्या बिचाऱ्यांना त्याचा उपयोग नव्हता. ज्याला होता तो आमच्याच कॉम्प्युटरमध्ये बसला होता. पानावर 'धन्यवाद' आलं. इतकी माहिती घेऊन धन्यवाद म्हणणारी बँक मी प्रथमच बघत होतो, आणि मला फार बरं वाटलं.

बोअरच्या गाडीचा दिवस ठरला. मी चेक लिहून पाठवला होता. भलीमोठी गाडी कॉलनीत शिरली, तिच्यामागे पोरं, त्यांच्यामागे बाया, हळदीकुंकू, उदबत्त्या. मामाजीही पुन्हा आले होते, पण नारळ या वेळी फोडण्यापुरताच. आणि गाडीवाल्याने मशीन सुरू करण्याऐवजी खिशातून माझाच चेक काढून माझ्यापुढे धरला. "सर, हा वापस आला. खात्यात पैसे नाई म्हनते बँकवाले."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हसलो. मी चक्क हसलो, कारण शिल्लक मी रोज बघत होतो! सगळ्यांना घरात नेलं, बँकेचं पान उघडलं. पूर्ण रक्कम, एक रुपया इकडचा तिकडे नाही. खिडकीतून बघणाऱ्यांनीही माना डोलावल्या. "बँकेची चूक आहे," मी जाहीर केलं आणि हमीदभाईंना पंच म्हणून स्कूटरवर घेऊन बँकेत गेलो. तिथे मशीनमध्ये पासबुक घातलं. ते खरखरत बाहेर आलं, आणि त्यावर माझ्या पगाराचे चार पैसे सोडले तर काही उरलेलं नव्हतं. हमीदभाईंनी पासबुक वाचलं, मग मला वाचलं, आणि ते नीट मिटून माझ्या खिशात ठेवलं. ते रागावले असते तर मला जास्त चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी बँकेच्या साहेबांनी मला समोर बसवून समजावलं. सॉफ्टवेअर पाण्याचं नव्हतंच. ते घरात शिरून गप्प बसलं, आणि मी बँकेचं पान उघडलं की त्या खऱ्या पानावर आपले खोटे रकाने चिकटवायला लागलं. मी दाबलेली प्रत्येक कळ टिपून ते आपल्या मालकाला पाठवत होतं. पैसे गेल्यावर मला कळू नये म्हणून शिल्लकही तेच खोटी दाखवत होतं. साहेबांनी विचारलं, "इतकी माहिती मागतायत, तुम्हाला शंका नाही आली?"

"आली ना," मी म्हणालो. "सातबारा कसा मागितला नाही, अशी आली."

साहेबांनी तक्रार घेतली. पैसे ज्या खात्यात गेले ते खातं गोठवायचा प्रयत्न करतो, पण खात्री देत नाही म्हणाले. मी उठलो तेव्हा त्यांनी हळूच आवाज खाली आणला आणि विचारलं, "सर, बाकी जाऊ द्या, पण पाणी बरोबर दाखवत होतं का? आमच्याही क्वार्टरला फार त्रास आहे."

मग जे दिवस सुरू झाले ते वैऱ्यालाही येऊ नयेत. एका जागी बसवत नव्हतं. सकाळी बँकेत, दुपारी पोलिसांत, उरलेल्या वेळात मेहुणा, साडू आणि मुख्याध्यापक यांना फोन करून 'ते काढून टाका' म्हणून विनवण्या. (मुख्याध्यापकांनी शाळेच्या मैदानात खड्डाही खणून घेतला होता. तो आजही आहे. पोरं त्याला माझ्या नावाने ओळखतात.) इकडे कॉलनीत कुजबुज वाढली. दुर्दैवाने मी त्याच आठवड्यात नवा कूलर घेतला होता, हप्त्यावर. पण हप्ता कुणाला दिसत नाही, कूलर दिसतो! माझ्याशी बोलताना लोक कूलरकडे बघून बोलायचे. मी तो बंद करून घामाघूम बसायला लागलो, तर लोक म्हणाले, बघा, आता लपवून राहिले.

मला पैशांपेक्षा ती नजर जास्त जाळत होती. पैसे कर्ज काढून भरता आले असते. पण 'सरांनी खाल्ले' हे एकदा चिकटलं की मग जन्मभर मी कुठल्या वर्गात खरं बोला म्हणून सांगणार? शालूने तिच्या बांगड्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. मी म्हणालो, ठेव परत, भरपाई केली तर खाल्ल्याची कबुली दिल्यासारखं होईल. ती म्हणाली, "मंग तुमीच सांगा, कसं पटवाचं लोकायले?" आयुष्यात पहिल्यांदा मला बायकोसमोर रडू आलं, आणि मी ते घाम म्हणून खपवलं.

रविवारी मारुतीच्या पारावर सभा भरली. (पैसे पुढे पावसाळ्यात, बँकेच्या कृपेने, बहुतेक सगळे परत आले. बोअरही झाली. पण त्या दिवशी हे मला कुठे माहीत होतं?) मी उभा राहून सगळं सांगितलं. सॉफ्टवेअर, रकाने, पिन, पोळ्या, आकडे, सगळं. काही लपवलं नाही. लोक ऐकत होते, पण चेहरे दगडासारखे. मागून कुणीतरी म्हणालं, एवढा शिकलेला माणूस असं कसं करेल, हे मनाला पटत नाही. मी खाली बसलो. माझं शिक्षणच माझ्या विरुद्ध साक्ष देत होतं.

तेव्हा मामाजी उठले. मला वाटलं, आता हे नारळाचा सूड घेणार.

"मी दर्यापूरचा," ते म्हणाले, "या कॉलनीत मले बोलाचा हक नाई. पन माहा जवाई चोर असता तं मले बरं वाटलं असतं. चोराले डोकं लागते. याले पोरगी देऊन मी वर्सानुवर्स पाहून राहिलो. याले घरातून साखर चोरून खाता येत नाई, तुमचे पैसे काय खाईन?"

हमीदभाईंनी दाढी खाजवली आणि म्हणाले, "खरी बात हाये. मी सरांसंगं बँकेत होतो. चोरी करनारा आदमी मले पंच म्हनून स्कूटरवर कायले बसवन? मी म्हंतो, सरच खजिनदार ऱ्हाऊ द्या. फक्त कॉम्प्युटर बंद ठेवा."

हळूहळू चेहरे सैल झाले. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. आणि कॉलनीच्या अध्यक्षांनी तिथल्या तिथे ठराव मांडला, की वानखडे सरांना पैसे खाण्याइतकी अक्कल नसल्याची सभेची खात्री पटली आहे. मामाजी सूचक झाले. बायकांच्या रांगेतून शालूने अनुमोदन दिलं, तेही जरा जास्तच उत्साहाने. शाळेत आदर्श शिक्षकाचा सत्कार झाला होता, तेव्हाही मला इतकं हलकं वाटलं नव्हतं. ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत, असं अध्यक्ष म्हणाले, आणि सगळ्यात आधी वर गेलेला हात माझा होता.