शेवंतामावशीची भाकर

आम्ही ख्रिस्ती माणसं येशूच्या आठवणीत एकाच ताटातला तुकडा खातो, त्या प्रभुभोजनासाठी शेवंतामावशी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर करून आणायची आणि स्वतः तिचा तुकडाही तोंडात घालायची नाही. ताट ओळीतून फिरत तिच्यापाशी आलं की ते दोन्ही हातांनी घ्यायची, कपाळाला लावायची आणि शेजारणीकडे सरकवायची. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मीही पाळक म्हणून संग्रामपूरला नवाच होतो. मंडळी म्हणजे पंधरा-वीस घरं आणि टिनाच्या छपराची एक खोली. पाव मिळायचा नाही, म्हणून ज्वारीची भाकर.

मंडळीतल्या एका म्हाताऱ्याला मी कारण विचारलं. मावशी सोनाळ्याच्या बऱ्यापैकी शेतकरी घरातली. विधवा झाल्यावर तिनं बाप्तिस्मा घेतला आणि भावानं दार बंद केलं. ते तिनं सोसलं. पण पुढे आई वारली, तेव्हा भावानं निरोपसुद्धा पाठवला नाही. चार दिवसांनी बाजारात कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून ती भाकर खात नव्हती. आधी भावाशी समेट, मग प्रभूचं ताट, असं ती शिकली होती, आणि तिच्या मनातला राग जात नव्हता. याला बारा वर्षं झाली होती.

मी सव्वीस वर्षांचा, शिक्षण संपवून ताजा ताजा आलेला. बाई बारा वर्षांत विश्वासात वाढलीच नाही, असा निकाल मी देऊन टाकला. एका रविवारी बायबलमधली दूध पिणारी तान्ही लेकरं आणि जड अन्न पचवणारी प्रौढ माणसं यांच्यावर जोरदार उपदेश केला. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना तिच्याकडेच वळल्या. मला तर तेव्हा बरंच वाटलं, हे आज लाजेनं कबूल करतो.

उपासना संपल्यावर मावशी भाकरीच्या फडक्याची घडी करत म्हणाली, "बराबर बोलले साहेब तुमी. मी तान्हंच लेकरू हाय. पन एक सांगा, खोटं खाऊन मोठं होता येते काय?"

"मावशी, क्षमा करून टाका ना एकदाची."

"तोंडानं रोज होते जी. मन नाई ऐकत."

मावशीच्या घरामागे भाजीचा मळा होता. तिची वांग्याची रोपं साऱ्या गावात जायची. सोनाळ्याला मात्र तिनं कधी एक रोप धाडलं नव्हतं. त्या वर्षी एका सकाळी ती रोपांची टोपली घेऊन माझ्या दारात उभी राहिली. "सोनाळ्याले जाऊन राह्यली. प्रार्थना करा," एवढंच म्हणाली आणि एसटीकडे निघाली.

तिथे काय झालं ते तिनंच नंतर सांगितलं. भाऊ अंगणात बसला होता. बहिणीला पाहून त्यानं तोंड फिरवलं. मावशी सरळ घरामागे गेली. तिथे आई भाजी लावायची तो वाफा ओसाड पडला होता. दुपारपर्यंत तिनं तो खुरपला, रोपं लावली, विहिरीचं पाणी घातलं. निघताना म्हणाली, "दादा, चार दिवस पानी देजो." तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

"म्हणजे समेट झालाच नाही," मी म्हणालो.

"त्याचं त्याच्यापाशी. रोपं लावता लावता माह्या मनातलं निंगून गेलं साहेब. कवा गेलं, समजलंबी नाई."

पुढच्या पहिल्या रविवारी ताट तिच्यापाशी आलं. तिनं ते कपाळाला लावलं आणि एक तुकडा मोडला. खूप वेळ चावत राहिली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

मग ताट माझ्याकडे परत आलं. पाळक शेवटी खातो. मी तुकडा उचलला, आणि मला तिचा तो प्रश्न आठवला. माझ्या लग्नात थोरल्या भावानं चारचौघांत माझा अपमान केला होता. चार वर्षं मी घरी गेलो नव्हतो. त्याची दोन पत्रं उत्तराविना ट्रंकेत पडून होती. आणि दर महिन्याला मी भाकर खात होतो, वर लोकांना प्रौढपण शिकवत होतो. मी तुकडा परत ताटात ठेवला. खोलीत कुजबुज झाली. 

सगळे गेल्यावर मावशी जवळ आली. हळूच म्हणाली, "कोन हाय साहेब?"

"थोरला भाऊ."

"मंग उद्याची एसटी धरा. पुढच्या महिन्यात तुमच्यासाठी ताजी भाकर आनीन."

मी गेलो. भावानं आधी शिव्या दिल्या, मग जेवायला वाढलं. महिन्यानं मावशीनं शब्द पाळला.

तिला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. ताट हातात आलं की मी अजून क्षणभर थांबतो. एवढ्या वर्षांत दोनदा ते न खाताच खाली ठेवलं आहे, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी एसटी धरली आहे.