तय्यबच्या पंज्याचं पेटंट

हळद खणणारा माणूस दिवसाला किती वेळा वाकतो, हे अनसिंगच्या तय्यबनं एकदा बांधावर बसून मोजलं होतं. एका गड्ड्याला कुदळीचे सहा-सात घाव, दर घावाला वाकणं. कापल्या जाणाऱ्या कांड्या वेगळ्याच. तय्यबचं वेल्डिंगचं दुकान. तीस वर्षं लोकांच्या कुदळी शेवटताना, म्हणजे झिजलेली टोकं ठोकून धार काढताना, त्यानं धारेपेक्षा कंबरेच्याच तक्रारी जास्त ऐकल्या.

ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्यांतून त्यानं पंजा घडवला. चार वाकडे दात, वर पाय द्यायला पट्टी, छातीला लागेल एवढा दांडा. पायानं दाबायचं, दांडा मागं ओढायचा; गड्डा अख्खा वर येतो. पहिले सहा पंजे त्यानं स्वतःच मोडले. प्रत्येक पंजा तो हळद आणि भाजीपाला करणाऱ्या पवनच्या वावरात दिवसभर चालवून बघायचा. सकाळी कोणतंही हत्यार हलकंच लागतं. दुपारनंतर हात जे सांगतो ते खरं. सातवा संध्याकाळपर्यंत टिकला.

पवननं त्याच दिवशी मोबाइल काढला.

"चाचा, व्हिडिओ टाकू का?"

"टाक ना. पण माह्यं थोबाड नको दाखवू, दात दाखव. लोकायले बाक समजला पाह्यजे."

पवननं दात चारही बाजूंनी दाखवले. पार रिठद गावापासून मागणी आली. घडवणारा आधी दाखवतो, मग विकतो. झाकलेलं हत्यार कोण घेईल? तय्यबच्या धंद्यात हेच शहाणपण होतं.

पाच महिन्यांत बाजारात हुबेहूब पंजे आले. पट्टी पातळ, किंमत निम्मी. तेव्हा कोणीतरी म्हणालं, पेटंट घ्या, म्हणजे नकला थांबवता येतील. अर्जाची सरकारी फी सोळाशे, एकट्या माणसाला सवलतीची. कागद लिहिणाऱ्या एजंटाकडे तसली सवलत नव्हती. त्यानं तीस हजार सांगितले. पुढं तपासणीची फी निराळी. तय्यबची बायको फरहत हिची भिशी नुकतीच उठली होती. त्या पैशातून स्वयंपाकघरावर नवे पत्रे बसायचे होते. पैसे एजंटाकडे गेले.

दोन वर्षांनी पेटंट कार्यालयाकडून आक्षेप आला. एजंटानं फोनवर समजावलं, अर्जाच्या आधीच हे अवजार जगानं पाहिलंय. पुरावा म्हणून पवनचाच व्हिडिओ लावलाय.

"एक वाट आहे," तो म्हणाला. "व्हिडिओ तुमच्या परवानगीशिवाय टाकला, असं शपथपत्र द्या, म्हणजे तो पुरावा धरणार नाहीत. उत्तराचे बारा हजार होतील."

पवनला कळलं तसा तो दुकानात आला.

"चाचा, लिहून टाका. पवननं चोरून काढला म्हना."

"तू चोर होतं मंग?"

"माह्या बापानं तं मले लहानपनीच मानलं हाय. तुमी काहून लाजता?"

तय्यब हसला नाही. "मीच म्हटलं होतं ना, दात दाखव."

"कोनाले मालूम? आपल्या दोघायलेच."

"दोघं काय कमी झाले बे?"

 पवन हळूच म्हणाला, "माह्या हातानंच तुमचं वाटोळं झालं, चाचा. मले सही तरी करू द्या."

तय्यबनं वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढली. पाच दिवस त्यानं ते डोक्यात घोळवलं. फुटका सांधा रंगानं झाकून त्यानं कधी कोणाला माल दिला नव्हता. पण नकार खोट्यामुळं येतोय की बारा हजारांमुळं, हे त्याचं त्यालाही नीट उमजेना. बारा हजार हातात असते तर आपण काय केलं असतं, इथं येऊन विचार थांबायचा. सहाव्या दिवशी त्यानं एजंटाला फोन केला. "नाही देत शपथपत्र."

"मग अर्ज सोडून दिला समजा," एजंट म्हणाला.

फरहतला त्यानं जेवताना सांगितलं. पवनला चोर ठरवावं लागलं असतं, म्हणाला. तिनं त्याच्या ताटात भाजी वाढली, भांडं खाली ठेवलं.

"पवन को बचा लिया, अच्छा किया," ती म्हणाली. "भिशी लेते वखत पूछा था मुझे. छोडते वखत नई पूछा."