अण्णांनी मोजलेले एकवीस डाग

मंडळी, आज लय दिवसांनी आमच्या घरात सगळे पोटभर जेवले.

मला एमएस आहे, मेंदूत डाग पडणारा आजार. माझे वडील अण्णा यांनी नवी एमआरआय फिल्म उन्हात धरून एकवीस डाग मोजले होते. आज आम्ही दोघं सेलूहून परभणीला डॉक्टरांकडे गेलो.

अण्णांनी डॉक्टरांसाठी शेतातली गाजरं नेली होती. अण्णांनी एकवीस डागांचं विचारलं, तसं डॉक्टरांनी त्यातल्याच एका गाजराच्या चकत्या केल्या. "गाभा प्रत्येक चकतीत दिसतो. मग गाभे किती?"

"एकच की!" अण्णा म्हणाले.

"फिल्मवर पण मेंदूच्या चकत्याच आहेत. डाग तीनच, तेही मागच्या वर्षीचे. नवा एकही नाही."

बाहेर येऊन अण्णा पायरीवरच बसले. "आठ दिवस झाले, रोज मोजायलो गं. तुला कसं सांगावं?"

तुमच्या घरात कोण असं एकट्यानं मोजत बसलंय?