शाळेत गोड पाणी आणू नये

"सू कराले गेली का आग होते, मॅडम," सहावीतली प्राची खाली मान घालून म्हणाली.

उन्हाळी लागली होती. अंगात पाणी कमी पडलं की लघवीला जळजळ होते, तीच ही. भंडारा जिल्ह्यात मार्च लागला की एखाददुसऱ्या पोराला ती होतेच. पण त्या दिवशी अर्ध्या वर्गाची हीच रड. मी शाळा-तपासणी पथकाची डॉक्टर. आमची गाडी गावोगावच्या शाळांत जाते आणि आम्ही पोरांचं वजन, दात, डोळे बघतो. ही शाळा मोहाडी तालुक्यातली होती.

मुख्याध्यापक मात्र खुशीत होते. "मॅडम, आपली शाळा साखरमुक्त! कोल्ड्रिंकची एक बाटली सापडणार नाही."

साखर घातलेली पेयं शाळेच्या आवारात नकोत, असं सर्क्युलर आलं होतं. नियम चांगलाच आहे. किडलेले दात रोज बघणाऱ्या बाईला तो कोणी पटवून द्यायला नको. पण भिंतीशी ठेवलेल्या दप्तरांत मला पाण्याचीही बाटली दिसेना.

"प्राची, घरून पाणी काहून नाही आणत?"

"बंदी हाय ना, मॅडम."

"पाण्याची?"

"गोड्या पान्याची. बोर्डावर लिवलं हाय."

गेटवर खरंच बोर्ड होता. निळ्या ऑइलपेंटमध्ये, सुबक अक्षरात: शाळेत गोड पाणी आणू नये.

मी कपाळाला हात लावला. सर्क्युलरमधली 'शर्करायुक्त पेये' लोकांना कळणार नाहीत म्हणून सरांनी भाषा सोपी केली होती. आणि गावात गोडं पाणी म्हणजे बोडीजवळच्या, म्हणजे लहान तळ्याजवळच्या, विहिरीचं प्यायचं पाणी. शाळेच्या बोअरचं पाणी खारट, त्यानं फक्त भांडी घासली जातात. सरांना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. ऑफिसात त्यांच्यासाठी थंड पाण्याचा कॅन यायचा.

प्राचीची आई पोरीला न्यायला आली, तिला विचारलं. "ताई, तुम्ही कोणीच कसं विचारलं नाही?"

"आमाले वाटलं, विहिरीत काई खराबी निंगाली असन. शाळेनं लिवलं त आमी कायले आडवं जाऊ?"

गेटसमोरचा दुकानदार तेवढ्यात हसत म्हणाला, "मॅडम, बंदी आली तवापासून माह्या थंड्या बाटल्या जास्तच खपून राहिल्या. पोरं सुटली का सरळ इकडंच येतेत."

मी सरांकडे परत गेले. "बोर्ड आजच बदला."

"आज नको, मॅडम. परवा शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येताहेत. बोर्डाचा फोटोसुद्धा वर गेलाय."

"सर, पोरं दिवसभर तहानलेली बसतात आणि आपण फोटोचं बघायचं?" माझा आवाज चढला. शिपाई दारातच थांबला.

 सरांनी स्वतःच पेंटरला फोन लावला. माणूस वाईट नव्हता. "मी तर सोपं लिहायला गेलो हो," एवढंच म्हणाले. मला रागही येत होता आणि त्यांची कीवही.

संध्याकाळपर्यंत नवा बोर्ड झाला: कोल्ड्रिंक आणू नये. विहिरीचं पाणी रोज आणावं. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायला ग्रामपंचायतीला सांगितलं. मग तालुक्याला आमच्या साहेबांना फोन केला.

"साहेब, या शाळेला प्यायच्या पाण्याचा नळ पाहिजे."

"ते आपल्या खात्याचं नाही, मॅडम. बंदी नीट चालू आहे ना?"

"आहे ना. पाण्याचीसुद्धा होती."

 "पंचायत समितीशी बोलतो," साहेब म्हणाले.

पुढच्या फेरीला दप्तरादप्तरात भरलेल्या बाटल्या होत्या. प्राचीची जळजळ थांबली होती. दुकानदार माझ्याशी बोलला नाही, ते मला बरंच वाटलं.

नळाची फाइल अजून फिरते आहे. पोरांना काय पिऊ नका ते सांगायला रंगाचा एक डबा पुरतो. जे प्यायचं ते शाळेपर्यंत आणायला बरीच खाती लागतात.