कॅमेऱ्यात नुसती नाकं

बेकरीतल्या भट्टीसमोर अर्धं आयुष्य काढलेली बाई वन्यजीव संवर्धन शिकायला निघाली, तेव्हा घरात जो हशा पिकला, तो काही विचारू नका! "काय गं बेकरीवाले, आता वाघाला पाव विकणार का?" सासूबाई म्हणाल्या. त्या सुनेला हाक मारायच्या तीच मुळी बेकरीवाली म्हणून. पण ही कसली ऐकतेय! आठवडाभर बेकरी, शनिवार-रविवार वर्ग, असं तिनं नेटानं रेटलं. शेवटी उरला एक प्रकल्प. नदीकाठी कोणते प्राणी येतात ते दाखवायचं. पास झाली तर नदीच्या पाहणीवर पक्की नोकरी, नाहीतर आहेच पुन्हा भट्टी.

समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा तिनं काठावरच्या झाडाला बांधला. बेकरीतून सुटून थेट तिथंच गेली होती बिचारी. आठवड्यानं फोटो पाहिले, तर काय! कोल्ह्याचं नाक. मुंगसाचं नाक. एका भटक्या कुत्र्याची अख्खी जीभ! हाताचं लोणी कॅमेऱ्याच्या पट्ट्याला लागलं होतं आणि येईल तो प्राणी चाटून गेला होता.

"हे तर आमिष लावल्यासारखं झालं," वर्गाच्या बाई म्हणाल्या. "प्राणी आपल्या वाटेनं जाताना दिसायला हवा. एकदाच संधी देते, पुन्हा बांधा."

घरी येऊन तिनं हात घासघासून लाल केले. नवऱ्यानं हुंगून पाहिलं. "अजून बिस्किटच!"

"मग तुम्ही बांधता का?"

तो गॅरेजमध्ये कामाला, अंगाला ऑइलचा भपका; त्या वासानं प्राणी फिरकलेही नसते. ती रडायलाच लागली.

"रडतेस काय?" सासूबाई खेकसल्या. "मला हुंगून बघ. येतो कसला वास?"

"नाही, आई."

"मग चल, दाखव तुझी नदी."

दुसऱ्या दिवशी सून रस्त्यावरून ओरडतेय, "गुडघ्याएवढ्या उंचीवर, आई! तोंड पाण्याकडे!" आणि सासूबाई चिखल तुडवत चालल्यात. "मला नको शिकवूस! घरातली कपडे वाळत घालायची दोरी कोण बांधतं?"

प्रकल्प मांडायच्या दिवशी तिनं आधी ती नाकंच दाखवली. वर्ग खो खो हसला. मग पडद्यावर पाणमांजर आलं, मागं तीन पिल्लं. कॅमेऱ्याकडे ढुंकूनही न बघता आईनं मासा फोडला, पिल्लांनी ओढाताण केली, एक पिल्लू पालथं पडलं. अख्ख्या वर्गानं माना पुढं काढल्या.

"हा कॅमेरा मी नाही बांधला. आमच्या आईंनी बांधला," ती म्हणाली.

"का ते कळलं सगळ्यांना," बाई हसून म्हणाल्या. "सोमवारपासून नदीवर या."

तिनं आनंदानं मागं वळून पाहिलं. मागच्या बाकावर सासूबाई केव्हाच उभ्या राहिल्या होत्या आणि शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरून सांगत होत्या, "माझी सून आहे ती. नदीवर असते."